शब्दकोशात समाविष्ट करा

परीक्षा आटोपली आणि परिपत्रक आलं:
अँटॉप हिल, पालिका शाळा, तिसरा मजला,
सकाळी नऊ ते एक, सहा दिवस.
अनुपस्थितीचे कारण लेखी द्यावे.

चपला दाराबाहेर.
शाळेतला पहिला एसी याच खोलीत बसला,
मुलांना नव्हे, यंत्रांना उकडतं म्हणून.
प्रत्येक मॉनिटरला हळदीकुंकवाचं बोट,
वर प्लास्टिकचं कव्हर,
आणि किल्ली खैरमोडे सरांच्या खिशात.

माऊस ढकलत ढकलत मी टेबलाच्या काठाशी पोचते,
पडद्यावरचा बाण मात्र अजून निम्म्यावर.
"उचला मॅडम, आणि परत मागे ठेवा,"
निनाद तांडेल सांगतो. वय तेवीस, कंत्राटी.
"एकदम सोपं आहे" असं तो तासाला दहा वेळा म्हणतो.
एकतीस वर्षं माझ्या तोंडी हेच वाक्य होतं,
भागाकाराच्या वेळी.

शेजारी उर्दू माध्यमाच्या झुबेदा काझी.
दोघींत मिळून एकच यंत्र.
त्यांची ओळ उजवीकडून निघते, माझी डावीकडून.
"भेटू कुठेतरी मधे," त्या म्हणतात
आणि पर्समधून गुपचूप आवळासुपारी काढतात.
खोलीत खायला बंदी आहे.
आम्ही दोघी खाली वाकतो,
मागच्या बाकावरच्यांसारख्या.

पासवर्ड मी तळहातावर लिहून आणला होता,
बॉलपेनने, अंगठ्याच्या खाली.
तिसऱ्या दिवशी घामाने शेवटचे दोन आकडे पुसले गेले.
तळहात उघडा धरून मी निनादपुढे उभी राहिले
आणि उगाचच
पट्टी येईल असं वाटलं.
असे किती तळहात मी उघडायला लावले होते,
पाढे लिहिलेले.
तो फक्त म्हणाला, "नवीन बनवू."

चौथा दिवस. कामगिरी: आपापल्या वर्गाची पटयादी टाइप करा.

फळ्यावर माझं अक्षर बघायला
दुसऱ्या वर्गातल्या बाई यायच्या.
इथे प्रज्ञाशीलचा ज्ञ शोधण्यात पाव तास गेला,
ऋतुजाचा ऋ सापडेना,
मुरुगन एका दमात आला,
फुलचंद जैस्वारचा स् पाय मोडायला तयार नव्हता.
एकेक नाव उठत गेलं
आणि उठलं तसं
त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ.

तपासताना मी अशाच रेघा मारते.
"काय चुकलं?" मी विचारलं.
"चुकलं नाही मॅडम. त्याला ही नावं माहीत नाहीत."
पान भरून लाल.
चाळीस मुलं, चाळीस चुका.
वरच्या कोपऱ्यात वर्गशिक्षिका म्हणून मी:
इंदुमती चौकेकर. दोन्ही शब्द लाल.

मग त्याने उजवं बटण दाबायला शिकवलं.
एक छोटी यादी उघडते,
तिच्यात तळाशी लिहिलेलं असतं:
शब्दकोशात समाविष्ट करा.

दाबलं. प्रज्ञाशीलखालची रेघ गेली.
दाबलं. मुरुगन.
एक वाजून गेला, एसी बंद झाला,
खैरमोडे सर दारात किल्ली वाजवत राहिले.
झुबेदाबाई म्हणाल्या, "होऊ दे त्यांचं, सर, जरा थांबा."

चाळीस झाले. तरी माझी बोटं थांबली नाहीत.
फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या झोपड्या हटवल्या
त्या आठवड्यापासून सिद्राम म्हेत्रे गैरहजर.
महिनाभर वाट पाहून मी त्याच्यापुढे
माझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं:
नाव कमी केले.

एक्केचाळीस, मी टाइप केलं.
स ला वेलांटी, द् पाय मोडून, र, काना, म.
रेघ आली, लाल, वळवळत.

"मॅडम, पटावर चाळीसच आहेत ना?" निनादने विचारलं.
"हो," मी म्हटलं,
आणि उजवं बटण दाबलं.