एक भागिले साठ

तीस वर्षं नाट्याच्या बाजारपेठेत
मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो: हलू नका.
हनुवटी वर, खांदे सैल, आता हलू नका.
पासपोर्ट, रेशनकार्ड, स्थळाला पाठवायचा पोस्टकार्ड साइज.
आणि चोपन्नाव्या वर्षी हा मी,
सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत, बाइकच्या शर्यतीला,
कॅमेऱ्याला दुधाच्या पिशवीचं अंगडं घालून,
कारण इथली तांबडी धूळ लेन्सच्या सांध्यांत शिरते
आणि मग झूम फिरवताना करकरते,
भातात खडा लागल्यासारखी.

सकाळी एक बाय दोन हजारवर सुरुवात केली.
भीतीचा आकडा तो. काही निसटू नये म्हणून.
निसटलं काहीच नाही:
उडालेला एकेक खडा हवेत टांगलेला,
चाकाचे आरे मोजून घ्यावेत असे स्पष्ट,
आणि गाडी?
गाडी जणू कुणी चढावर लावून चहाला गेलंय.

पाचशे. अडीचशे.
एकशे पंचवीसला चाकाला जराशी जाग आली.
साठला सगळंच गेलं, गाडी, पोरगा, खाण,
नुसता गेरू सांडल्यासारखा पट्टा,
तोही उन्हाने पांढुरका.
आयएसओ शंभर, अ‍ॅपर्चर सोळा,
वर भाच्याने पुण्याहून पाठवलेली काळी काच.
फोकस कंटिन्युअसवर ठेवला, तर तो
वर बसलेल्या बायकांच्या छत्र्यांना जाऊन चिकटला,
लग्न लागत असताना
पंगतीकडे बघत राहणाऱ्या पाहुण्यासारखा.

सोनू डोर्लेकर मागे उभा होता, शेंगा सोलत.
रोज ओहोटीला खाडीत पाग टाकणारा माणूस,
कॅमेऱ्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही.
म्हणाला, "तू टाकतोस आणि थांबतोस.
पाग हातातून सुटला म्हणून कंबर थांबते काय?
कंबर थांबली की पाग गोळा होऊन पडतो,
धोंड्यासारखा. मासे हसतात."

मग पावलं रोवली, जिथे फोटो हवा तिकडे तोंड करून,
आणि कंबरेपासून वरचं अंग मागे वळवलं, वळणाकडे.
कोपरं बरगड्यांना घट्ट.
नंबर दिसला की उचलायचा,
त्याच्याबरोबर फिरायचं, फिरता फिरता दाबायचं,
आणि दाबल्यावरही फिरत राहायचं,
गाडी गेली तरी,
धूळ तोंडात आली तरी,
आता काय राहिलंय बघण्यासारखं, असं वाटलं तरी.

खाणीच्या भिंतीवर यंत्राने कापलेल्या आडव्या रेघा आहेत.
किती वर्षं तशाच, वहीत कुणी न लिहिलेल्या.
साडेअकराच्या सुमारास
त्या पहिल्यांदा वाहायला लागल्या.

सहाशे बारा फोटो.
काजूच्या सावलीत बसून पुसत गेलो.
अकरा उरले. चष्मा लावल्यावर नऊ.
त्यातला एक, सत्तावीस नंबर:
हेल्मेट धारदार, बाकी सगळं धावतंय.

सत्तावीस नंबर म्हणजे तन्वीर सोलकर.
पाचवीत असताना आयकार्डाच्या फोटोला आला होता.
स्टुलावर बूड टेकेना. तीनदा हलला.
चौथ्या वेळी मी ओरडलो, तेव्हा बसला गप्प.
ते तीन हललेले फोटो मी तेव्हाच पुसले.
कसे होते, मघापासून आठवून बघतोय.
एकात बहुतेक कान दोन-दोन होते.

बक्षिसं वाटून झाल्यावर त्याची आई आली,
स्क्रीन नाकाजवळ नेऊन बघितला.
"ह्यात माझा पोरगा कुठंय?
भिंतीवर लावायचाय, भाऊ. एकात तरी तोंड दिसू दे."
बरोबर होतं तिचं.
गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काखेत,
मागे खाण, रेघा जागच्या जागी.
एक बाय एकशे पंचवीस.

मी तोंड उघडायच्या आतच
तन्वीर ताठ उभा राहिला,
हनुवटी वर, श्वास रोखून.