तो भांग, ती भांग

तुळशीच्या कुंडीत भलतंच काहीतरी उगवलं.
दत्तवाडी, तिसरा मजला, कठड्याशी.
करवतीच्या दातांची पानं, एका देठावर पाच.
शेजारच्या ढमढेरेबाई म्हणाल्या, अंबाडी दिसते,
वाढू द्या, दोघांपुरती भाजी होईल.

मी चष्माही शोधला नाही.
बत्तीस वर्षं गणेशखिंडीच्या सरकारी प्रयोगशाळेत
लाखेचं सील फोडून
हेच पान उघडलंय मी रोज सकाळी.
भिंगाखाली त्याची लव मांजराच्या नखांसारखी वाकडी,
रसायन टाकलं की परीक्षानळीत लाल,
मास्तर वहीत शेरा मारतात तसं.
मग खाली सही, तारीख
आणि कुणाच्यातरी पोराची दहा वर्षं.
त्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत.
पुड्यांवरच्या गाठी मात्र आठवतात;
एक तर साडीच्या काठाने बांधलेली होती.

घरी आले की सासूबाई म्हणायच्या, आधी हात धू,
मग देवापाशी जा.
त्याच घरात महाशिवरात्रीला
मामंजी तालमीतून थंडाई पिऊन परतायचे.
एकदा जिन्याची एकच पायरी अर्धा तास चढत होते
आणि दर वेळी त्यांना वर पोचल्याचा आनंद.
हसताना त्यांना आम्ही तेवढंच पाहिलं.
त्याचा अहवाल कुणी मागितला नाही.

शरयूवन्संचं दुखणं हाडात उतरलं तेव्हा
रास्ता पेठेतल्या वैद्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: विजया.
कोण गं ही, वन्संनी विचारलं,
माझ्या वर्गात एक होती, फार चोंबडी.
मी काय सांगणार?
माझ्या कागदांवर तिचं नाव लॅटिन,
पंचनाम्यात नुसता हिरवट पाला, उग्र दर्प.
जिभेखाली तीन थेंब.
नऊ रात्रींनंतर त्या झोपल्या, तोंड उघडं टाकून.

सकाळी म्हणाल्या, वेणी घाल.
डोक्यावर एक केस नव्हता.
मी फणीचं टोक कपाळापासून मागे नेलं
कातडीवरून, हळूच.
सरळ आलाय का? त्यांनी विचारलं.
तो भांग उरला नव्हता,
ती भांग होती.
व्याकरणाच्या एवढ्याशा फरकावर
आम्ही दोघी पोट धरून हसलो,
मग त्यांना ठसका लागला, मग पाणी.

त्यांचा निषाद हल्ली झोळ्या शिवतो,
डोंगरातून आलेल्या ह्याच झाडाच्या सुताच्या.
मामी, पावसात कुजत नाही, म्हणतो,
धुवाल तशी मऊ होते.
आमच्या खात्याने ट्रकच्या ट्रक भट्टीत घातलं जे,
त्याला हा पोरगा बंद लावतो, आत चोरकप्पा करतो.
पहिली झोळी आईच्या फायलींसाठी शिवली होती.
ती रिकामी होऊन माझ्या दाराला टांगली आहे.

पाखरांचे दाणे ह्या कठड्यावर वन्संच टाकायच्या.
निसटला असणार एखादा.

कायद्याने उपटायला हवं, शेंडा धरण्याआधी.
म्हणही आहेच, तुळशीत भांग,
कुळाला बट्टा लावणाऱ्यासाठी.
भांगेत तुळस म्हटलं की मात्र कौतुक.
कुंडी तीच असते बहुधा.

उपटलं परवा.
मुळं गुंतलेली, तुळसही अर्धी वर आली.
सवयीने ओट्यावरच्या काट्यावर ठेवलं:
एकोणीस ग्रॅम, मातीसकट.
नोंदवायला वही नव्हती.
तुळस पुन्हा बसवली, माती दाबली,
पाणी जिरावं म्हणून करंगळीने
मधोमध एक रेघ ओढली.
सरळ आली.

हात अजून धुतले नाहीत.