कात्री

खानापुरात डिसेंबर येतो तो आधी नाकात.
मलप्रभेवरचं धुकं घाट चढून स्टँडपर्यंत पोचतं
आणि लोंढ्याची बस सुटायच्या आत
माझ्या दुकानापुढं मफलरांची रांग.

"दोन द्या की ओ, गेल्या खेपेची. लाल-काळी."
"नेगडी आगेत्री," मल्लव्वा म्हणते,
मागचा मष्णू म्हणतो, "मलापण तेच झालंय, तेच द्या."
नाक दोन्ही भाषांत सारखंच गळतं.

बावीस वर्षं ही कात्री खिळ्याला आहे.
दहाच्या पट्टीतून चार, चारातून दोन,
मुदतीची तारीख कुठल्या तुकड्यावर गेली, कुणी बघितलं?
बापू सांगून गेले, गिऱ्हाईक परत पाठवू नये.
मी पाठवलं नाही.
सर्दी आपल्या पायानं आली, आपल्या पायानं गेली,
नाव मात्र माझ्या कॅप्सूलचं झालं.

सातेरी कौलांच्या कारखान्यात होती.
हिवाळ्याला चार न्यायची,
दोन खाऊन दोन डब्यात ठेवायची, मोहरीच्या शेजारी,
जावेच्या दाढेला, नातवाच्या तापाला.
मागच्या साली पायावर कौल पडलं. एवढुसं.
पाच आठवडे भरेना.
शेवटी बेळगावात पू तपासला,
आणि तिच्या पोरानं तो कागद माझ्या काउंटरवर पसरला:
"वाचून सांगा की, तुम्ही शिकलेले."

डावीकडं औषधांची नावं, चौदा.
उजवीकडं प्रत्येकापुढं एकच अक्षर.
एस म्हणजे चालेल.
आर म्हणजे जंतू जुमानत नाहीत.
आर. आर. आर.
मी बोट खाली सरकवत गेलो,
सगळी नावं माझ्या फळीवरची,
गावच्या माणसांची यादी वाचावी तशी.
बाराव्या ओळीला एक एस आला,
ते औषध शिरेतून द्यायचं. मी ते कधी ठेवलंच नाही.

"अंगाला सवय लागली म्हणायची," पोरगा म्हणाला.
अंगाला नव्हे रे.
जंतूंना लागली.
ज्या सर्दीत ह्या कॅप्सूलचं काहीच काम नव्हतं
त्या सर्दीला मी ती देत गेलो,
आणि अंगात गुमान बसलेले दुसरेच जंतू
दोन-दोन घोटांनी तिला ओळखू लागले.
हे मी त्याला बोललो की मनातच म्हटलं, आठवत नाही.

तुझ्या कात्रीनं झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत.
कागदावरही तसं कुठं नव्हतं.
मी दोनदा बघितलं.

पाय वाचला. करंगळी गेली.
जानेवारीत सातेरी चपलेत कापूस कोंबून आली,
खोकत होती.
सवयीनं दोन बोटं वर केली,
मग स्वतःच खाली घेतली.

आता मी चिठ्ठी मागतो.
मष्णूला सांगतो, मिठाचं पाणी, वाफ, कढत पेज, निजून राहा.
दम लागला, ताप तीन दिवस हटला नाही, तर दवाखाना गाठ.
डॉक्टरनं पाच दिवस लिहिले तर पाच दिवस,
तिसऱ्याला बरं वाटलं म्हणून उरलेल्या भावाला देऊ नको.
"एवढं भाषण फुकट," मष्णू म्हणतो, "आणि गोळी नाही?"
रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातो.
तिथंही कात्री आहे, नवी आहे, छान कापते.

काल रात्री शटर ओढताना
माझाच घसा खवखवला.
दिवा घालवलेला, रस्त्यावर कुणी नाही,
आणि हात आपोआप तिसऱ्या फळीवर गेला,
डावीकडून दुसरा डबा,
अंधारातही चुकला नाही.
सवय कुणाकुणाला लागली होती, तिथं कळलं.

हात मागं घेतला, असं लिहितो,
पण थोडा वेळ तो तिथंच होता.

घरी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या.
सकाळी घसा तसाच.
सातला दुकान उघडलं,
धुक्यात पहिला मफलर उभा होता.