रिकामा फोल्डर

मार्केट यार्डात, मगदूम अडत दुकानाच्या माळ्यावर
सर्व्हर होता. शेजारी हळदीच्या नमुन्यांच्या पुड्या,
पंख्याच्या जाळीत पिवळी धूळ.
वजनं, तोलाई, सौद्याच्या पट्ट्या, सगळं त्याच्या जिवावर,
आणि आम्ही चालू फायलीतच हात घालायचो,
खाली बोली रंगलेली असताना.

बॅकअप म्हणजे त्रिशलाने जाताना लावून दिलेली एक ओळ:
रात्री तीन दहाला जे बदललं असेल ते
गिटमध्ये कमिट, मग मिरजेला तिच्या घरच्या मशीनवर.
संदेश ठरलेला: "रात्रीचं."
हजारएक दिवस
रात्रीचं. रात्रीचं. रात्रीचं.
मध्येच एकदा हाताने टाइप केलेलं:
"अडतीचा दर चुकला होता. माझ्याकडून."

मार्चात, ऐन आवकेत, डिस्क गेली.
रावसाहेब हमालीतून रिटायर झालेले, चहाला म्हणून आलेले.
हरिपूरच्या पेवांत त्यांची उमेद गेली.
"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं," म्हणाले,
"आधी कंदील सोडायचा.
विझला, तर खाली माणूस टिकत नाही."

हजार दिवसांत आम्ही एकदाही कंदील सोडला नव्हता.

मिरजेहून उतरवून घेतलं.
आलं. ओळ न् ओळ आली.
दोन वर्षांपूर्वीचा चुकलेला दर आला,
लाजेने पुसून टाकलेला पासवर्डसुद्धा
तळाशी तसाच, कोरडा खणखणीत.
फक्त पट्ट्यांचा फोल्डर नाही.
त्यातल्या फायली रोज नव्या, म्हणून
त्या घेऊ नकोस असं आम्हीच सांगितलेलं,
आणि त्या वगळल्या की राहतं काय.
प्रोग्रॅम हटून बसला: ठेवू कुठे?

त्रिशला फोनवर, मागे कुकरची शिट्टी:
"रिकामं ते धरत नाही रे.
आत काहीतरी ठेवावं लागतं.
नावापुरती एक फाइल. कोरी चालते."

ठेवली.
दुपारी सौदा सुरू झाला, तासभर उशिरा.
सकाळच्या पट्ट्या कार्बनच्या वहीवरून
पोरांनी पुन्हा चढवल्या, एकमेकांवर खेकसत.

रात्री तीन दहाला मी जागाच होतो.
ठरलेला संदेश खोडला, लिहिलं:
"कंदील सोडून पाहिला. विझला नाही.
जुन्या पट्ट्या तेवढ्या खाली नाहीत."