नाक

चौथा नमुना बिस्किटांच्या डब्यात बसवला.
पहिला वाफेनं गेला,
दुसऱ्याची तार उंदरानं कुरतडली,
तिसऱ्याला मीच उलटी बॅटरी लावली,
त्याबद्दल फार बोलू नये.

एतागेन्यबाईंच्या मागच्या खोलीत
निळ्या पिंपात टेफचं पीठ आंबतं,
दाणा खसखशीएवढा, रुबाब केवढा.
रोज ऐंशी इंजेरा, त्यातल्या तीस हॉटेलला.
पीठ तयार झालं की नाही
हे त्या झाकण उचलून एका श्वासात सांगायच्या.
गेल्या साली तापानं त्यांचं नाक नेलं.
धंद्याचंही जाईल म्हणून
अख्ख्या गोंदारमध्ये कुणाला सांगितलं नाही,
फक्त मला, कारण मी रेडिओ दुरुस्त करतो
आणि कमी बोलतो.

झाकणाला आतून वायूचा सेन्सर,
हरभऱ्याहून थोडा मोठा, डोक्यावर जाळीची टोपी.
आकडा चारशेच्या वर गेला की हिरवा दिवा.
चारशेच का?
तीन रात्री पिंपाशेजारी बसलो,
दर तासाला हुंगून वहीत लिहिलं:
गोड. गोड. ओल्या पोत्यासारखं.
मग पहाटे एकदम, सफरचंदाची साल.
वीज दोनदा गेली, ते तास कोरे आहेत.

मंगळवारी दुपारी चारला दिवा लागला.
पीठ कालचंच, कच्चं.
मी झाकण उघडलं, तारा हलवल्या, शिव्या घातल्या.
मग माझ्याच नाकात शिरलं ते.
भिंतीपलीकडे मुलूनेश कॉफी भाजत होती,
निखाऱ्यावर धूपही टाकला होता.

'फसलं,' मी म्हणालो. 'याला कॉफी आणि पीठ एकच.'
एतागेन्यबाई दिव्याकडे बघत राहिल्या.
'ती रोज भाजते?'
'रोज. याच वेळी.'
'मला वाटलं, बोलवायचं बंद केलं तिनं.'
'बोलवत कुठे होती? वास यायचा, तुम्ही जायचात.'
त्यांनी पिठाचे हात पुसले,
डोक्यावरची शाल सारखी केली,
आणि माझ्याकडे न बघता निघाल्या.

बुधवारी मी आकडा सहाशेवर नेला.
पीठ फार आंबलं,
हॉटेलनं अकरा इंजेरा परत पाठवल्या.
त्या आम्हीच खाल्ल्या, तोंडं वाकडी करत.

पाचव्या नमुन्याला दोन नाकं आहेत,
एक पिंपात, एक खिडकीबाहेर.
बाहेरच्याचा पिठाशी काही संबंध नाही.
त्याचे पैसे मी लावलेले नाहीत.