मिठाची वीट

पहाटे तीनची फिरती.
अल खर्जच्या वाळूत अजून कालचं ऊन मुरलेलं,
शेडच्या दारात मोरचुदाचं निळं पाणी.
त्यात आधी माझे बूट, मग त्यांचे खूर.
बाहेरचं काही आत न्यायचं नाही,
नियम सगळ्यांना एकच.

अकराशे गाई.
पंख्यांतून धुकं फवारतंय,
पाठी भिजू देत, कास कोरडी राहिली पाहिजे,
नाहीतर सड सुजतो, दूध फाटून येतं.
पहिली धार काळ्या कपात.
गाठ आहे का, दिलकुमार बघतो,
पापणी न हलवता,
महिनाअखेरीस पगाराची पावती बघतो तसा.

गळ्यातला पट्टा रवंथ मोजतो.
रवंथ थांबली की ऑफिसात लाल दिवा.
मी तरीही व्यायलेल्या गाईचा कान
मुळाशी मुठीत धरून बघतो.
डॉक्टर अश्मावी हसतात.
गार लागला तर धावायचं,
कॅल्शियमची बाटली कोमट करायची,
शिरेतून सोडायची, थेंबाथेंबानं;
घाई केली तर काळीज थांबतं तिचं.

कान धरायला आटपाडीत आज्यानं शिकवलं.
बाटलीचं त्याला ठाऊक नव्हतं.
त्याच्या बाळीचे कान गार पडले त्या रात्री
त्यानं तिच्यावर पोतं पांघरलं
आणि उजाडेपर्यंत
कान मुठीत धरून बसला.

गेल्या आठवड्यात जहाजातून कालवडी आल्या.
एकवीस दिवस लांबच्या गोठ्यात,
त्यांची बादली वेगळी, फावडं वेगळं, माणूस वेगळा.
रक्त काढलं, शेण तपासलं,
कानाला पिवळा बिल्ला.
इद्रिस म्हणाला, तुझं आठवतंय?
छातीचा फोटो, रक्त, पासपोर्टावर शिक्का?
म्हटलं, मला तर एका दिवसात सोडलं रे,
ह्यांना बघ, किती जपतात.
हसलो दोघं. मग लाळ्या-खुरकुताची लस
बर्फाच्या पेटीतून हातात,
हातातून मानेत, दोनशे वेळा.
उन्हात राहिली की लसीचं पाणी होतं.
बोलायला वेळ नव्हता.

आत्ता ही चव्वेचाळीस सतरा
माझा हात चाटतेय.
कानशीसारखी जीभ, मनगटापासून कोपरापर्यंत,
पुन्हा मनगटापासून.
दिलकुमार म्हणतो, माया लागली तुझी.

कसली माया.
गव्हाणीवर बघ, मिठाची वीट संपून
नुसती दोरी लोंबतेय.
घामातलं मीठ शोधतेय ती.
चारच दिवस आणखी गेले असते
तर गोठाभर भिंती चाटत बसल्या असत्या,
एकमेकींचं मूत प्याल्या असत्या.

वहीत लिहिलं:
सात नंबर, चाटण विटा, आठ, आजच.

पेन खिशात टाकलं
आणि दुसरी बाही वर सारून
तोही हात पुढे केला.