एकच शिरोरेघ

मी होड्यांवर नावं घालतो.
नावेवर नाव. या एका शब्दावर
हर्णैच्या बंदरात तीस वर्षं पोट चाललंय.
मीठ सगळं खातं; नारळीपौर्णिमेआधी
पुन्हा तीच अक्षरं, तोच पिवळा.

शाळेचा फलक मात्र आत, व्हरांड्यात.
सागवानी, कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ.
वर्ष, नाव, यश. तीनच रकाने.
पहिली ओळ अडुसष्ट सालची:
वासुदेव पालशेतकर, आठशे मीटर, जिल्ह्यात दुसरा.
तो आता बर्फाच्या गाडीवर पावत्या फाडतो
आणि मी रंग घेऊन निघालो की हटकतो,
'ते दुसरा जरा बारीक काढ रे.'

यंदा मुलींचा खो-खो. राज्यात तिसऱ्या.
बाईंनी चिठ्ठी दिली, नऊ नावांची.
फलकावर जागा उरलेली वीतभर.
संध्याकाळी टेमकर सर आले
(सर म्हणजे सर नव्हेत,
प्रयोगशाळेतले मदतनीस, आयोडीनने पिवळी बोटं)
आणि चिठ्ठीखाली तीन नावं वाढवून उभे राहिले.
राखीव. एक मिनिटही मैदानात न उतरलेल्या.
म्हटलं, मावणार नाहीत.
म्हणाले, 'शिरोरेघ एकच ओढ.
बारा जणी धरतील तिला.'

शाळेला मैदान नाही. जांभा आहे,
उतारावरचा, गुडघे खाणारा.
मैदान समुद्राचं, उसनं,
ओहोटीला घ्यायचं, भरतीला परत करायचं.
म्हणून टेमकरांचं वेळापत्रक वारांवर नाही, तिथींवर:
पुनवेला, अवसेला सहाच्या सुमारास वाळू रुंद,
तेव्हा पूर्ण डाव.
अष्टमीला भांग, संध्याकाळी पाणी सुरूंच्या मुळाशी,
तेव्हा नुसतं बसणं, उठणं, बसणं.
खांब म्हणजे एका मोडक्या डोलकाठीचे दोन तुकडे.
ते स्वतः कधी खेळले नाहीत.
नियमांची पुस्तिका लिटमसच्या डब्यात ठेवून
परीक्षानळ्या धुता धुता पाठ केली.
ओरडायचे मात्र एकच,
थेट माझ्या होडीपर्यंत ऐकू यायचं:
'वळायचं नाय गो! वळायचं नाय!
पुढची बसलीय, तिला उठव!'

सत्कार माघी पौर्णिमेला ठरला.
तिथी कुणी पाहिली नव्हती.
पाहुणे साडेतीनचे आले सव्वापाचला,
मग स्वागतगीत, मग माईकची शिट्टी,
मग पाहुण्यांच्या लहानपणीची सायकल.
तस्निम मुकादम, रेवा दुदुस्कर, हेमांगी पावसे…
एकेक वर गेली, पाया पडावं की हात मिळवावा
या घोळात एकीचा गुच्छ पडला.
टेमकर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात,
सारखी मान वळवून
माडांच्या फटीतून पाणी बघणारे.

'आता आपल्या मार्गदर्शकांना मी विनंती करते…'
खुर्ची रिकामी.
मागच्या सतरंजीवरच्या सातवी-आठवीतल्या पोरीही
कधी उठल्या, कळलं नाही.
शाल खुर्चीच्या पाठीवर घातली, नारळ बसवला.
टाळ्या झाल्या. खुर्चीलाच.

मंडप सुटल्यावर एक बाई व्हरांड्यात आली,
टोपली दाराबाहेर ठेवून.
'यातला माझे पोरीचा नाव कंचा?'
मी बोट दाखवलं. अकरावं. यमुना चोगले.
तिने हात पदराला पुसला, तो ओलाच राहिला,
आणि नावावरून हळू फिरवला,
जसा लिलावाआधी मासळीवरून फिरवतात.
आदल्या रात्रीचा रंग, खारी हवा, सुकला नव्हता.
'मु'चा उकार थोडा फरफटला
आणि 'ना'च्या कान्याशी खवला चिकटला, नखाएवढा.

काढता आला असता.
टर्पेंटाइनचं फडकं हातातच होतं.
ती म्हणाली, 'खेळली नाय म्हणतात.'
म्हटलं, 'गेली होती ना.'

खाली वाळूवर शिट्टी वाजली, लांब.
पाणी फिरलं असावं.